प्रिन्स एडवर्डच्या बंद शाळा

गावच्या शाळेची बातमी ही वर्तमानपत्रातील सर्वांत लहान बातमी असते. पालकांची सभा भरली, छपराच्या दुरुस्तीसाठी अर्ज गेला, मंडळाने पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर केले, अशा दोन-चार ओळी आतल्या पानावर कोठेतरी छापल्या जातात आणि वाचकाची नजर त्यांवरून सहज पुढे सरकते. परंतु राष्ट्राच्या इतिहासातील मोठे प्रश्न पुष्कळदा अशाच दोन-चार ओळींच्या आड दडून बसलेले असतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड नावाच्या एका लहानशा परगण्यात १९५१ ते १९६४ या तेरा वर्षांत जे घडले, ते या गोष्टीचे ठळक उदाहरण होय. तेथे प्रारंभी होती ती केवळ गळक्या छपराची तक्रार. त्या तक्रारीतून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारा दावा उभा राहिला. आणि पुढे अंदाजपत्रकातील एक रक्कम मंजूर न झाल्यामुळे त्या परगण्यातील सर्व सार्वजनिक शाळा पाच वर्षे बंद राहिल्या.

ही हकिकत नीट समजण्यासाठी तेथील शिक्षणव्यवस्थेची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. अमेरिकेत शाळा चालविणे हे केंद्र सरकारचे काम नाही. ते राज्यांचे, आणि प्रत्यक्षात स्थानिक मंडळांचे काम आहे. आपल्याकडील जुन्या जिल्हा स्कूल बोर्डांचा कारभार ज्यांनी पाहिला अथवा ऐकला आहे, त्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. शिक्षकांच्या नेमणुका, पाठ्यपुस्तके, मुलांची ने-आण, इमारतींची देखभाल हे सारे स्थानिक शाळा-मंडळाकडे असते. मात्र व्हर्जिनियात या शाळा-मंडळाला स्वतः कर बसविण्याचा अधिकार नाही. परगण्याचा एकूण कारभार पाहणारे जे निर्वाचित पर्यवेक्षक मंडळ असते, ते दर वर्षी कर ठरविते आणि त्यांतून शाळांसाठी रक्कम काढून देते. शाळा-मंडळाच्या हाती शाळा आणि पर्यवेक्षक मंडळाच्या हाती थैली, अशी ही विभागणी आहे. एरवी अगदी रुक्ष वाटणाऱ्या या तरतुदीवरच पुढील सारा इतिहास फिरला.

प्रिन्स एडवर्ड हा व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडील तंबाखू पिकविणारा परगणा. १९६०च्या सुमारास त्याची लोकसंख्या चौदा हजारांच्या आसपास होती. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य गाव, राजधानी रिचमंडपासून नैऋत्येस साठ-पासष्ट मैलांवर. १८६५च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धाच्या अखेरीस दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची माघार घेणारी सेना याच गावावरून गेली. उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी लींना शरणागती सुचविणारे आपले पहिले पत्र याच गावातून धाडले, आणि दोन दिवसांनी जवळच्या ॲपोमॅटॉक्स येथे ली शरण आले. त्या युद्धाने गुलामगिरी संपली. परंतु गुलामगिरीने निर्माण केलेले अंतर संपले नाही. १९०२च्या राज्यघटनेने व्हर्जिनियात गौरवर्णीय व कृष्णवर्णीय मुलांना एका शाळेत शिकविण्यास मनाई केली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व मान्य केलेच होते. त्या तत्त्वातील ‘वेगळे’ हा शब्द मोठ्या काटेकोरपणे पाळला गेला. ‘समान’ या शब्दाकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही.

त्या दुर्लक्षाची साक्ष फार्मव्हिलच्या मोटन हायस्कुलाने दिली. याच परगण्यात लहानाचे मोठे झालेले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेची धुरा वाहणारे रॉबर्ट रूसा मोटन यांचे नाव त्या शाळेला दिले होते. १९३९ साली बांधलेली ही विटांची इमारत सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५० उजाडले तेव्हा तेथे साडेचारशेच्या वर मुले शिकत होती. शाळेला व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते, विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. वाढलेल्या मुलांची सोय करण्यासाठी मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेल्या काही झोपड्या उभ्या केल्या. पावसात त्यांचे छप्पर गळे. थंडीत एका शेगडीवर भिस्त असे; शेगडीजवळची मुले उकाड्याने हैराण होत, तर दूरची मुले अंगात कोट घालून बसत. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ही कोंबड्यांची खुराडी वाटत. पालकांच्या संघाने शाळा-मंडळाकडे नव्या इमारतीसाठी वारंवार विनंत्या केल्या. मंडळाने नकार दिला नाही; जागेचा विचार चालू आहे, पैशाची व्यवस्था पाहत आहोत, अशी उत्तरे देऊन काळ मात्र पुढे ढकलला.

मोठ्यांच्या विनंत्या निष्फळ झाल्या तेव्हा मुलांनी पुढाकार घेतला. बार्बरा रोझ जॉन्स ही त्या शाळेतील सोळा वर्षांची विद्यार्थिनी. तिने निवडक सोबत्यांच्या साह्याने गुप्तपणे एक बेत आखला. २३ एप्रिल १९५१ रोजी सकाळी गावात काही विद्यार्थी अडचणीत सापडल्याचा दूरध्वनी मुख्याध्यापकांना करण्यात आला आणि ते घाईने बाहेर पडले. लगोलग वर्गावर्गांत सभेची चिठ्ठी फिरली. मुले सभागृहात जमली, पडदा सरला आणि व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा उभी होती. शिक्षकांनी कृपा करून बाहेर जावे अशी विनंती करून तिने मुलांपुढे शाळेची अवस्था मांडली, आणि नवी इमारत मिळेपर्यंत वर्गात परतायचे नाही असा प्रस्ताव केला. साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली. शिक्षकांना यातून दूर ठेवण्यात मुलांची एक दूरदृष्टी होती: शिक्षकांवर ठपका येऊन त्यांची नोकरी जाऊ नये. तरीही मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांचे पद पुढे राहिले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच दिवशी मुलांनी रिचमंड येथील ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या दोघा कृष्णवर्णीय वकिलांना पत्र लिहून साह्य मागितले. दोनच दिवसांनी हे वकील फार्मव्हिल येथे आले आणि फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात मुलांना व पालकांना भेटले. त्यांची अट स्पष्ट होती. केवळ अधिक चांगली, परंतु वेगळी शाळा मागणारा दावा आपण चालविणार नाही. वेगळेपणाच्या पद्धतीलाच आव्हान द्यावयाचे असेल तर आपण उभे राहू, असे त्यांनी सांगितले. मुलांनी मागितले होते छप्पर. वकिलांनी त्यांच्यापुढे ठेवला तो समान नागरिकत्वाचा प्रश्न. लहान गावात, जेथे शेत, कर्ज, नोकरी आणि दुकानातील उधारी या सर्वांसाठी गौरवर्णीय शेजाऱ्यावर अवलंबून राहावे लागे, तेथे अशा दाव्यावर सही करणे ही साधी गोष्ट नव्हती. ३ मे रोजी त्या चर्चमध्ये मोठी सभा झाली. चर्चचे पाळक रेव्हरंड एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांनी लोकांना धीर दिला. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव डॉरोथी डेव्हिस या चौदा वर्षांच्या मुलीचे असल्यामुळे तो डेव्हिस दावा म्हणून ओळखला जातो.

१९५२ साली तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला. शाळा असमान आहेत आणि ती असमानता मंडळाने दूर करावी, असे त्यांनी सांगितले. वेगळेपणाची पद्धत मात्र त्यांनी कायम ठेवली. मंडळाला जी इमारत इतकी वर्षे परवडत नव्हती, ती आता तातडीने उभी राहिली आणि १९५३ साली नवे मोटन हायस्कूल सुरू झाले. परंतु दावा तेथे थांबला नाही. कॅन्सस, साउथ कॅरोलिना, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन येथील अशाच दाव्यांबरोबर तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. या पाचांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला दावा हा एकच. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने ब्राऊन खटल्याचा विख्यात निर्णय दिला आणि सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या वेळी बार्बरा फार्मव्हिलमध्ये नव्हती. तिच्या सुरक्षिततेच्या काळजीने आईवडिलांनी तिला अलाबामातील माँटगोमेरी येथे तिचे चुलते रेव्हरंड व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडले होते. पुढे ती फिलाडेल्फिया येथे ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली तिचे निधन झाले.

निर्णय झाला, पण अंमल लांबला. ३१ मे १९५५ रोजी दिलेल्या दुसऱ्या निर्णयात न्यायालयाने वर्णभेद दूर करण्याची निश्चित मुदत न घालता काम विचारपूर्वक त्वरेने करावे असे सांगितले. या शब्दांतील ‘विचारपूर्वक’ हा भाग दक्षिणेकडील राज्यांनी उचलला आणि ‘त्वरा’ बाजूस ठेवली. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ साली या निर्णयाला व्यापक प्रतिकार करण्याचे आवाहन केले. ज्या शाळेत दोन्ही वर्णांची मुले एकत्र येतील ती शाळा राज्यपालांनी बंद करावी, असे कायदे राज्याच्या विधिमंडळाने केले. त्यांनुसार १९५८च्या सप्टेंबरात नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरेन परगणा येथील शाळांना टाळे लागले. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व संघीय न्यायालयानेही हे टाळे बेकायदेशीर ठरविले. राज्यपाल आल्मंड यांनी माघार घेतली आणि फेब्रुवारीत नॉरफोकच्या शाळा दोन्ही वर्णांच्या मुलांना घेऊन उघडल्या. प्रतिकाराचा अध्याय संपला असे अनेकांना वाटले.

प्रिन्स एडवर्डमध्ये मात्र तो तेव्हा सुरू व्हायचा होता. एकत्र शाळा चालविण्यापेक्षा सार्वजनिक शाळाच सोडून देणे आम्ही पसंत करू, अशा आशयाच्या निवेदनावर १९५६ सालीच तेथील चार हजारांहून अधिक गौरवर्णीय नागरिकांनी सह्या केल्या होत्या. १९५९च्या मे महिन्यात संघीय अपील न्यायालयाने आदेश दिला की, येत्या सप्टेंबरपासून परगण्याच्या हायस्कुलात वर्णभेद न करता प्रवेश द्यावा. जूनमध्ये पर्यवेक्षक मंडळाची अंदाजपत्रकाची सभा झाली. शाळा बंद करण्याचा ठराव या मंडळाने केला नाही. तसा अधिकारही त्याला नव्हता. त्याने एवढेच केले की, येत्या वर्षासाठी सार्वजनिक शाळांना रक्कम दिली नाही आणि त्यासाठी करही बसविला नाही. पैसा नाही म्हणून शिक्षक नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून वर्ग नाहीत. सप्टेंबर आला तेव्हा परगण्यातील एकही सार्वजनिक शाळा उघडली नाही. न्यायालयाचा आदेश होता तसाच राहिला. ज्या शाळांना तो लागू व्हावयाचा त्या शाळाच उरल्या नाहीत.

गौरवर्णीय मुलांची सोय आधीच योजलेली होती. १९५५ साली स्थापन झालेल्या एका खाजगी प्रतिष्ठानाने चर्चमध्ये, सभागृहांत आणि मिळतील त्या जागांत वर्ग उघडले. सार्वजनिक शाळांतील बहुतेक गौरवर्णीय शिक्षक तिकडे गेले. पुढील वर्षी राज्याने खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलास वार्षिक १२५ ते १५० डॉलरांचे अनुदान देऊ केले. परगण्याने त्यात आणखी १०० डॉलरांची भर घातली, आणि अशा शाळेला देणगी देणाऱ्यास मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. सार्वजनिक शाळेसाठी नसलेला पैसा अशा रीतीने खाजगी शाळेपर्यंत पोहोचला. राज्याने १९५९ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही रद्द करून तो प्रश्न स्थानिक मंडळांच्या मर्जीवर सोडला. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अर्धशतकानंतर एका संपन्न राष्ट्रातील जुन्या राज्याने उचललेले हे पाऊल किती मागचे होते, याची कल्पना येते.

मराठी वाचकाला या ठिकाणी आणखी एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात दाखवून दिले की, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग राबणाऱ्या रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्या वेळी केली. प्रिन्स एडवर्डमध्ये कृष्णवर्णीय शेतकरीही कर भरत होता आणि त्याच्याच मुलाला शाळा नव्हती. पुण्यातील निवेदन आणि व्हर्जिनियातील अंदाजपत्रक यांत पाऊणशे वर्षांचे अंतर व सबंध पृथ्वीचे अंतर असले, तरी दोन्हींतील प्रश्न एकच होता: सर्वांच्या पैशातून कोणाची मुले शिकणार?

सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुले या निर्णयाने शाळेविना राहिली. खाजगी शाळेचा मार्ग ज्यांना परवडला नाही अशी काही गरीब गौरवर्णीय मुलेही त्यांत सापडली. ज्यांना शक्य होते त्या आईबापांनी मुलांना दूरच्या आप्तांकडे धाडले. कोणी शेजारच्या परगण्यात एखादी खोली घेऊन तेथील पत्ता मिळविला आणि मुलांना तेथील शाळेत घातले. नॉर्थ कॅरोलिनातील किट्रेल कॉलेजने वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांना सामावून घेतले. क्वेकर पंथीयांच्या सेवा समितीने इतर राज्यांतील कुटुंबांत काही मुलांची राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली. गावात चर्चच्या तळघरांतून शिकवणीची केंद्रे निघाली. तेथे काही तास वाचन, लेखन आणि गणित यांचा सराव करून घेतला जाई. ही केंद्रे मुलांना अक्षरांशी जोडून ठेवीत, पण त्यांना शाळेची जागा घेता येत नव्हती. आणि शेकडो मुलांना यांपैकी काहीच लाभले नाही. ती तंबाखूच्या शेतात गेली, धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहिली, किंवा मोठी होऊन मजुरीला लागली.

कृष्णवर्णीय पालकांपुढे या काळात एक मोठा पेच उभा राहिला. त्यांच्या मुलांसाठीही स्वतंत्र खाजगी शाळा काढून देण्याची तयारी गौरवर्णीयांपैकी काहींनी दाखविली. ती स्वीकारली असती तर मुले पुन्हा वर्गात बसली असती. परंतु वेगळेपणा मान्य केल्यासारखे होऊन आठ वर्षे चालविलेला दावा पायाखालून निसटला असता. पालकांनी ती सूचना नाकारली आणि सार्वजनिक शाळांसाठी न्यायालयीन लढा चालू ठेवला. या निर्णयाचे मोल सांगताना हात आखडू नये, आणि त्याची किंमत सांगतानाही आखडू नये. सहा वर्षांचे मूल वाट पाहू शकत नाही. न्यायालयात तारखा पडत असतात तेव्हा त्याचे अक्षर गिरविण्याचे वय निघून जात असते. १९५१ साली जी मुले छपरासाठी बाहेर पडली त्यांच्यापैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण केव्हाच आटोपले होते. त्यांनी सुरू केलेल्या लढ्याची किंमत त्यांच्या धाकट्या भावंडांनी चुकती केली.

रेव्हरंड ग्रिफिन या सबंध काळात गावात राहिले. त्यांचीही मुले शाळेविना होती, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याला त्यांचेच नाव मिळाले. पाळक या नात्याने त्यांनी आपल्या लोकांना प्रार्थना आणि अर्ज हे दोन्ही शिकविले. १९६३च्या उन्हाळ्यात तरुणांनी फार्मव्हिलच्या रस्त्यांवर शांततेने निदर्शने केली. जुलैमधील एका रविवारी काही तरुण गौरवर्णीयांच्या चर्चमध्ये उपासनेसाठी गेले. त्यांना आत घेतले गेले नाही तेव्हा त्यांनी पायऱ्यांवर भजने गाण्यास प्रारंभ केला, आणि उपासनेत व्यत्यय आणल्याबद्दल त्यांना अटक झाली. एकाच ख्रिस्ताला प्रभू म्हणणाऱ्या दोन मंडळ्या एका गावात एका उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या होत्या. शाळेच्या दारात जो प्रश्न होता तोच देवळाच्या दारातही होता, आणि तो तेथेही सुटला नव्हता.

दरम्यान खटला एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरत होता. १९६१ साली संघीय न्यायाधीशांनी सार्वजनिक शाळा बंद असेपर्यंत खाजगी शाळेच्या अनुदानास व करसवलतीस मनाई केली, पण शाळा काही उघडल्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे बंधू व तत्कालीन महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी १९६३च्या मार्चमधील एका भाषणात सांगितले की, मोफत सार्वजनिक शिक्षण नसलेले प्रदेश पृथ्वीवर मोजकेच आहेत, आणि त्यांच्या रांगेत प्रिन्स एडवर्ड परगणा बसतो. त्यांच्या खात्याच्या प्रयत्नाने सुमारे दहा लाख डॉलरांच्या देणग्या उभ्या राहिल्या आणि मुक्त शाळांची एक संस्था स्थापन झाली. तिच्या विश्वस्तांत तीन कृष्णवर्णीय व तीन गौरवर्णीय शिक्षणतज्ज्ञ होते. व्हर्जिनियाचे माजी राज्यपाल कोलगेट डार्डन हे अध्यक्ष होते. निल सलिव्हन यांना न्यूयॉर्क राज्यातून बोलावून शाळांचे प्रमुख नेमले गेले. सप्टेंबर १९६३ मध्ये या शाळा उघडल्या आणि पंधराशेहून अधिक मुले आली. त्यांत मोजकी गौरवर्णीय मुलेही होती. दहा वर्षांचे मूल आणि सहा वर्षांचे मूल दोघेही पहिल्यांदाच वर्ग पाहत होते. त्यामुळे इयत्तांची नेहमीची रचना बाजूस ठेवून मुलांच्या प्रत्यक्ष तयारीनुसार गट पाडून शिकवावे लागले.

अखेर २५ मे १९६४ रोजी ग्रिफिन खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांनी न्यायालयाचे निकालपत्र लिहिले. एका परगण्यातील सार्वजनिक शाळा बंद ठेवायच्या, राज्यातील इतर सर्व परगण्यांत त्या चालू ठेवायच्या आणि त्याच वेळी वर्णभेदी खाजगी शाळांना साह्य द्यायचे, यामागचा हेतू केवळ वर्णभेद टिकविण्याचा आहे. म्हणून ते समान संरक्षणाच्या घटनात्मक हक्काचे उल्लंघन होय, असे त्यांनी म्हटले. दिरंगाईचा काळ आता संपला आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. या निकालाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पैशासंबंधी होता. सार्वजनिक शाळा उघडण्यासाठी व चालविण्यासाठी पर्यवेक्षक मंडळाने कर बसवावा, असा आदेश खालचे न्यायालय आवश्यक तर देऊ शकेल, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे ज्या चोरवाटेने शाळा बंद झाल्या होत्या, नेमकी तीच वाट बुजविली गेली. सप्टेंबर १९६४ मध्ये परगण्याच्या शाळा पुन्हा सुरू झाल्या.

सुरू झाल्या त्या जवळजवळ केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी. गौरवर्णीय मुले हळूहळू, वर्षावर्षांच्या अंतराने परतली. खाजगी अकादमीने कृष्णवर्णीयांना दार उघडले ते १९८०च्या दशकात. गेलेली वर्षे मात्र कोणत्याच निकालाने परत मिळत नव्हती. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, काहीच शिक्षण न मिळालेली मुले थोडेफार शिक्षण मिळालेल्या मुलांच्याही बरीच मागे पडली होती. कित्येकजण वय वाढल्यामुळे शाळेत परतलेच नाहीत. त्यांना अर्ज लिहिता आला नाही, मुलांचा अभ्यास घेता आला नाही, आणि ही उणीव त्यांनी आयुष्यभर मनात झाकून ठेवली.

समाजाला आपली चूक कळायला फार काळ लागतो. परंतु ती कळली हे जाहीरपणे सांगणे यालाही काही अर्थ असतो. २००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी परगण्याने वंचित राहिलेल्यांना सन्माननीय पदविका दिल्या. साठीच्या घरात पोहोचलेली माणसे झगा आणि टोपी घालून त्या स्वीकारण्यास आली. २००४ साली राज्याने त्यांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा निधी निर्माण केला. २००८ साली पर्यवेक्षक मंडळानेही आपल्या पूर्वीच्या मंडळाच्या कृतीबद्दल दुःख व्यक्त केले. जुन्या मोटन हायस्कुलाच्या इमारतीला १९९८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि संपाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २३ एप्रिल २००१ रोजी, तेथे संग्रहालय उघडले. राष्ट्रीय संसद भवनात व्हर्जिनियाच्या वतीने शतकाहून अधिक काळ उभा असलेला सेनापती लींचा पुतळा २०२० साली हलविण्यात आला, आणि त्या जागी बार्बरा जॉन्स हिचा पुतळा पाठवावा असे राज्याच्या आयोगाने ठरविले.

पुतळे आणि पदविका यांच्यापलीकडे या इतिहासाचा एक धडा उरतो, आणि तो कोणत्याही गावाला लागू पडेल. सार्वजनिक शाळा कायद्याने स्थापन होते. पण ती जगते ती नागरिकांच्या दरवर्षीच्या संमतीवर. आपल्याला मूल असो वा नसो, ते त्या शाळेत जावो वा न जावो, दुसऱ्याच्या मुलासाठी आपण कर भरू, ही ती संमती होय. प्रिन्स एडवर्डमधील बहुसंख्य गौरवर्णीय नागरिकांनी ती काढून घेतली तेव्हा शाळा बंद करण्यासाठी पोलीस लागले नाहीत की दंगा झाला नाही. सभेत एक रक्कम मांडली गेली नाही, एवढेच झाले. उलटपक्षी ज्यांच्यापाशी रक्कम नव्हती त्यांनी तळघरात, परक्यांच्या घरात आणि न्यायालयात शाळा जिवंत ठेवली. पालकांच्या सभेची, गळक्या छपराची आणि मंजूर झालेल्या अंदाजपत्रकाची आतल्या पानावरची लहानशी बातमी म्हणूनच थोडे थांबून वाचण्याजोगी असते. कोणाच्या मुलांसाठी किती रक्कम ठेवली गेली आणि कोणाची विनंती पुढील सभेवर ढकलली गेली, हे तिच्यात लिहिलेले असते. आणि तेथे वेळीच कोणी प्रश्न विचारला, तर पुढे लेकरांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.